प्रतिजैविकांची राखण आणि परिचारिका

१२ फेब्रुवारी १९४१ रोजी इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरी या रुग्णालयात अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या एका पोलीस शिपायाला शिरेवाटे पेनिसिलिन देण्यास आरंभ झाला. चेहऱ्यापासून सुरू झालेला संसर्ग त्याच्या डोळ्यांत व फुप्फुसांत पसरला होता आणि तो जगेल अशी आशा जवळजवळ उरली नव्हती. औषध सुरू झाल्यावर त्याचा ताप उतरू लागला, त्याला भूक लागू लागली. परंतु संशोधकांपाशी पेनिसिलिनचा साठा इतका अल्प होता की, रुग्णाच्या मूत्रावाटे बाहेर पडणारे औषधदेखील गोळा करून, प्रयोगशाळेत पुन्हा वेगळे काढून, त्यालाच परत टोचण्यात येत असे. पाच दिवसांत तेही संपले. संसर्गाने पुन्हा उचल खाल्ली आणि १५ मार्च रोजी त्या रुग्णाचा मृत्यू झाला.

या घटनेतून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. पेनिसिलिनमध्ये असामान्य सामर्थ्य आहे, ही पहिली. ते पुरेशा मात्रेत व पुरेसा काळ शरीरात पोचते ठेवले नाही तर त्या सामर्थ्याचा उपयोग नाही, ही दुसरी. पहिल्या गोष्टीचे श्रेय ज्यांना द्यावयाचे त्या फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना १९४५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या गोष्टीचा भार मात्र ज्यांच्यावर पडला त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. त्या काळी पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन तासांनी, रात्रंदिवस द्यावे लागे. रात्री बारा वाजता, तीन वाजता, पहाटे सहा वाजता सुई उकळून रुग्णाच्या खाटेपाशी जाणारी व्यक्ती परिचारिका होती. प्रतिजैविकांच्या युगाचा आरंभ झाला तो तिच्या हातून, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

पुढे टंचाई सरली. भारतातही १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि देशात पेनिसिलिन तयार होऊ लागले. ज्या औषधाचा थेंब न् थेंब जपावा लागत होता ते गावोगावच्या दुकानांत मिळू लागले. लाखो बालके, बाळंतिणी व शस्त्रक्रिया झालेले रुग्ण त्यामुळे वाचले. परंतु औषध मुबलक झाले तशी त्याच्याविषयीची काळजी ओसरली. ११ डिसेंबर १९४५ रोजी नोबेल व्याख्यान देताना फ्लेमिंग यांनी इशारा दिला होता की, औषध अपुऱ्या मात्रेत घेतले गेले तर जंतू मरणार नाहीत, उलट औषधाला न जुमानणारे जंतू निर्माण होतील. हा इशारा ऐकला सर्वांनी, मनावर घेतला थोड्यांनी.

जंतू औषधाला न जुमानण्याची क्रिया समजण्यास अवघड नाही. शरीरातील कोट्यवधी जंतूंपैकी एखाद्यात योगायोगाने असा आनुवंशिक बदल झालेला असतो की त्याच्यावर औषधाचा परिणाम होत नाही. औषध दिले की बाकीचे मरतात आणि त्या एकाला मोकळे रान मिळते. त्याचा वंश वाढतो. एवढ्यावरच हे थांबत नाही. हा गुण एका जातीचे जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूंना देऊ शकतात आणि तो आतड्यातील निरुपद्रवी जंतूंमध्येही साठून राहू शकतो. म्हणून गरज नसताना दिलेले प्रतिजैविक केवळ वाया जात नाही. ते पुढच्या आजारासाठी, आणि पुष्कळदा शेजारच्या खाटेवरील रुग्णासाठीही, अडचण निर्माण करून ठेवते. २०२२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा प्रतिरोधी जंतूंमुळे झाले, तर सुमारे ४९ लाख ५० हजार मृत्यूंशी त्यांचा संबंध होता.

या संकटावर जो उपाय जगभर सांगितला जातो त्याला मराठीत ‘राखण’ हा शब्द चपखल बसतो. शेताची राखण करणारा त्या शेताचा मालक असतोच असे नाही. कोणते पीक घ्यावे हे तो ठरवीत नाही. परंतु रात्री माळ्यावर जागा असतो तो तोच. कोणत्या बांधावरून गुरे शिरली, कोठे कुंपण मोडले, हे त्यालाच प्रथम कळते. रुग्णालयात प्रतिजैविक लिहून देण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे आणि तो तसाच असावा. पण लिहिलेले औषध आणि रुग्णाचे शरीर यांच्यामध्ये जे अंतर असते ते परिचारिका तुडवते. या अंतरात औषधाचे काय होते, यावर त्याचे यशापयश अवलंबून असते. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन इतकेच आहे की, प्रतिजैविकांची राखण परिचारिका आजही करीत आहे. उणीव आहे ती तिला त्यासाठी लागणारे ज्ञान, वेळ आणि विचारण्याचा हक्क देण्याची.

हे प्रतिपादन तपासून पाहण्यासाठी एका रुग्णाबरोबर वॉर्डात प्रवेश करणे सोयीचे होईल. समजा, साठ वर्षांची एक स्त्री थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ व ग्लानी अशा अवस्थेत रात्री दाखल झाली. डॉक्टरांनी संसर्ग रक्तात उतरल्याची शंका घेऊन प्रतिजैविक तात्काळ सुरू करण्यास सांगितले. या क्षणी परिचारिकेच्या हाती एक निर्णायक गोष्ट असते, ती म्हणजे क्रम. जंतू वाढवून पाहण्यासाठी घ्यावयाचे रक्त, ज्याला वॉर्डाच्या भाषेत नुसते ‘कल्चर’ म्हणतात, ते औषधाची पहिली मात्रा देण्यापूर्वी घेतले तरच खरा जंतू सापडण्याची शक्यता अधिक. औषध आधी गेले तर प्रयोगशाळेचा अहवाल बहुधा रिकामा येतो आणि मग पुढचे सारे उपचार अंदाजाने करावे लागतात. अर्थात अशा गंभीर रुग्णाच्या बाबतीत नमुन्यासाठी औषध रखडवणेही धोक्याचे असते. पहिली मात्रा तासाभराच्या आत जावयास हवी. नमुनाही घ्यावयाचा आणि वेळही गाठावयाची, ही कसरत ज्या वॉर्डात सामान आधीच मांडून ठेवलेले असते तेथेच साधते.

नमुना घेण्याची रीतही तितकीच महत्त्वाची आहे. कातडीवर नेहमी राहणारे जंतू निष्काळजीपणे घेतलेल्या रक्तात उतरतात आणि ते रोगाचे जंतू आहेत असे समजून रुग्णाला विनाकारण जबर औषधे दिली जातात. म्हणून कातडी औषधाने पुसून ती वाळू द्यावी लागते, आणि पुसलेल्या जागेला पुन्हा बोट लावावयाचे नसते. लघवीचा नमुना नळीला जोडलेल्या पिशवीतून घ्यावयाचा नसतो, कारण पिशवीत साचलेल्या लघवीत जंतू वाढलेलेच असतात. घेतलेला नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोचावयास हवा. ते शक्य नसेल तर लघवीचा नमुना शीतपेटीत ठेवावा. रक्ताच्या बाटलीला मात्र शीतपेटी वर्ज्य आहे. या बारीकसारीक गोष्टी पाठ्यपुस्तकात दोन ओळींत संपतात. वॉर्डात मात्र एका चुकीच्या नमुन्याची किंमत रुग्णाला आठवडाभर मोजावी लागू शकते.

त्यानंतर येते घड्याळ. ‘दिवसातून चार वेळा’ आणि ‘दर सहा तासांनी’ हे दोन शब्दप्रयोग कानाला सारखे वाटतात. पेनिसिलिनच्या कुळातील औषधांच्या बाबतीत ते सारखे नाहीत. ही औषधे रक्तातील पातळी विशिष्ट मर्यादेच्या वर जितका वेळ टिकेल तितके काम करतात. सकाळी ६, दुपारी १२, सायंकाळी ६ आणि रुग्णाची झोप मोडू नये म्हणून रात्री १० अशा वेळा ठरविल्या तर मोजणीला चार मात्रा होतात, परंतु रात्रीचे अंतर आठ तासांचे पडते. याउलट जेन्टामायसिनच्या वर्गातील औषधे एकदम उच्च पातळी गाठल्यास अधिक परिणाम करतात. म्हणून ती बहुधा दिवसातून एकदाच दिली जातात. व्हॅन्कोमायसिन घाईने सोडले तर रुग्णाचे अंग लाल होऊन खाज सुटते. ते किमान तासभर सावकाश द्यावे लागते. थोड्या सलाईनमधून औषध दिले असता त्याचा काही भाग नळीतच अडकून राहतो. नळी थोड्या सलाईनने धुऊन तो आत सोडला नाही तर कागदावर पूर्ण मात्रा आणि शरीरात अपुरी मात्रा अशी स्थिती होते. फ्लेमिंग यांनी ज्या अपुऱ्या मात्रेचे भय दाखविले होते ती अशा रीतीने, कोणाचाही वाईट हेतू नसताना, घडत असते.

वेळेचे महत्त्व शस्त्रक्रियेच्या बाबतीत तर मोजूनच दाखविले गेले आहे. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथील एका रुग्णालयात २,८४७ शस्त्रक्रियांचा अभ्यास करण्यात आला. तो १९९२ साली प्रसिद्ध झाला. छेद घेण्यापूर्वीच्या दोन तासांत ज्यांना प्रतिबंधक प्रतिजैविक मिळाले त्यांच्यापैकी ०.६ टक्का रुग्णांच्या जखमेत संसर्ग झाला. त्याहून आधी ज्यांना ते दिले गेले त्यांच्यात हे प्रमाण ३.८ टक्के, आणि छेद घेतल्यानंतर तीन तास उलटून गेल्यावर ज्यांना दिले गेले त्यांच्यात ३.३ टक्के होते. शस्त्रक्रियागृहात जाताना औषध दिले गेले की नाही, किती वाजता दिले, याची विचारपूस बहुतेक ठिकाणी परिचारिकाच करते. तसेच शस्त्रक्रिया आटोपल्यावर हे प्रतिबंधक औषध पुढे चालू ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितले असूनही अनेक ठिकाणी ते चार-पाच दिवस केवळ सवयीने चालू राहते.

सवयीचा हा प्रश्न दाखल झालेल्या त्या स्त्रीच्या बाबतीत तिसऱ्या दिवशी उभा राहतो. ताप उतरला आहे, ती घास-दोन घास खाऊ लागली आहे, कल्चरचा अहवाल आला आहे. सुरुवातीला जंतू ठाऊक नव्हता म्हणून व्यापक परिणामाचे औषध दिले होते. आता साध्या औषधानेही भागेल असे अहवाल सांगतो. परंतु तो अहवाल केस-पेपरच्या मागच्या पानांत अडकलेला असतो आणि सकाळच्या राउंडला पंधरा खाटा पाहावयाच्या असतात. ‘औषधे तीच चालू ठेवा’ एवढे शब्द उच्चारून राउंड पुढे सरकतो. अशा वेळी ड्यूटीवरील सिस्टरने विचारलेले तीन साधे प्रश्न सारे चित्र पालटू शकतात. आज या औषधाचा कितवा दिवस? कल्चरचा अहवाल पाहिला का? आता तोंडाने गोळी देता येईल का?

या प्रश्नांत डॉक्टरांच्या ज्ञानाविषयी शंका नाही. ही फक्त नजरेतून निसटलेल्या गोष्टींची आठवण आहे. पहिला प्रश्न तर विचारावाही लागू नये, इतकी सोपी तजवीज करता येते. औषधतक्त्यावर प्रत्येक प्रतिजैविकापुढे त्या दिवसाचा आकडा लिहावयाचा : पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस. सातव्या दिवसाचा आकडा कागदावर उमटला की तो पाहणाऱ्याला आपोआप थांबवितो. तिसऱ्या प्रश्नाचे फळ तर त्याच दिवशी दिसते. मेट्रोनिडाझोल, लिनेझोलिड यांसारखी औषधे तोंडाने घेतली असता जवळजवळ पूर्णपणे रक्तात पोचतात. रुग्णाला गिळता येत असताना शिरेतील सुई कायम ठेवणे म्हणजे जंतूंसाठी एक दार उघडे ठेवणे होय. लघवीच्या नळीचेही तसेच आहे. ती घालताना कारण असते. ते कारण संपले तरी नळी राहते, कारण ती काढण्याचा विचार करणे हे कोणाचेच नेमून दिलेले काम नसते. रोज सकाळी ‘ही नळी आज हवी का’ असे विचारणारी परिचारिका एक संसर्ग टाळते, आणि जो संसर्ग झालाच नाही त्यासाठी प्रतिजैविक लागत नाही.

येथे हात धुण्याचा उल्लेख अपरिहार्य आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घालून दिला आणि एप्रिलमध्ये शंभरात अठराहून अधिक असलेले बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण दोन-तीन महिन्यांत दोनच्या आसपास आले. त्या रुग्णालयात दोन विभाग होते. ज्या विभागात वैद्यकीय विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट येत असत तेथे मृत्यू अधिक होते. सुईणींच्या विभागात ते आधीपासूनच पुष्कळ कमी होते. प्रतिजैविके जन्माला येण्यापूर्वी हात हेच औषध होते, आणि जेव्हा प्रतिजैविके निकामी होतात तेव्हा पुन्हा हातच उरतात.

भारतात या प्रश्नाची सार्वजनिक चर्चा २०१० नंतर जोरात सुरू झाली. त्या वर्षी, दिल्लीचे नाव दिल्या गेलेल्या एका प्रतिरोधी घटकाविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध होऊन मोठा वाद झाला. नावावरून झालेला वाद कालांतराने शमला. प्रश्न मात्र खरा होता. २०१२ साली चेन्नई येथे देशातील वैद्यकीय संस्थांची बैठक होऊन ‘चेन्नई घोषणापत्र’ तयार झाले. १ मार्च २०१४ पासून औषधांची ‘एच-वन’ ही अनुसूची अंमलात आली आणि तिच्यातील प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवणे दुकानदारांना बंधनकारक झाले. २०१७ साली राष्ट्रीय कृती-आराखडा जाहीर झाला. २०१८ साली केरळने आपला स्वतंत्र आराखडा केला. असे करणारे ते देशातील पहिले राज्य होय. ज्या राज्यातील परिचारिका देशाच्या कानाकोपऱ्यांत आणि परदेशांतही शुश्रूषा करीत आहेत त्याने हे पाऊल प्रथम टाकावे, हा योग चांगला आहे.

परंतु आराखडे कागदावर असतात आणि रात्रपाळी वॉर्डात. एका परिचारिकेकडे वीस-पंचवीस खाटा असतील तर दर सहा तासांचे घड्याळ सांभाळणे, नळी धुणे, प्रत्येक रुग्णानंतर हात स्वच्छ करणे, या अपेक्षा तिच्यावर अन्याय करणाऱ्या ठरतात. प्रतिजैविकांवर होणारा खर्च हिशेबात दिसतो. परिचारिकांच्या अपुऱ्या संख्येमुळे वाया जाणारे प्रतिजैविक कोणत्याही हिशेबात दिसत नाही. जबाबदारी सांगताना मनुष्यबळाविषयी मौन पाळणे हा अप्रामाणिकपणा होईल.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. वर सांगितलेले तीन प्रश्न अनुभवी परिचारिकेच्या मनात येतच असतात. ते ओठांवर येत नाहीत, कारण विचारणे म्हणजे आगळीक, असा समज रुग्णालयांच्या वातावरणात मुरलेला आहे. नव्याने रुजू झालेल्या मुलीने एकदा प्रश्न विचारावा आणि साऱ्या वॉर्डासमोर ‘तुम्ही तुमचे काम करा’ असे उत्तर मिळावे. त्यानंतर ती पुन्हा विचारत नाही. ती गप्प बसली यात तिची हानी थोडी. खाटेवरील रुग्णाची अधिक.

वास्तविक या समजाला भारतीय वैद्यकपरंपरेचाही आधार नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता म्हणजे परिचारक, आणि रुग्ण. चारांत वैद्याला प्राधान्य आहे, हे खरे. परंतु परिचारकाची गणना एक स्वतंत्र पाद म्हणून केलेली आहे. त्याच्या अंगी असावयाचे चार गुणही तेथे दिले आहेत : शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी प्रेम आणि शुचिता. यांपैकी प्रेम व शुचिता यांची अपेक्षा परिचारिकेकडून सर्वच करतात. ज्ञान हा गुण मात्र यादीत पहिला असूनही त्याची आठवण क्वचितच ठेवली जाते.

उपाय त्यामुळे उघड आहेत, आणि ते फार खर्चाचेही नाहीत. परिचर्येच्या अभ्यासक्रमात प्रतिजैविकांचा भाग केवळ नावे व मात्रा पाठ करण्यापुरता न राहता, ती कशी काम करतात आणि कशी निकामी होतात, हे शिकविले जावे. संसर्गनियंत्रणाचे काम करणाऱ्या परिचारिकेला ते काम पूर्ण वेळ करू द्यावे. कोणी रजेवर गेले की तिला वॉर्डात ओढू नये. रुग्णालयाच्या प्रतिजैविक समितीत डॉक्टर, सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ व औषधनिर्माते यांच्या बरोबरीने वॉर्डातील परिचारिकेला जागा असावी. अमेरिकेतील परिचारिकांची राष्ट्रीय संघटना व तेथील रोगनियंत्रण केंद्र यांनी २०१७ साली संयुक्तपणे हेच मांडले होते. सर्वांत शेवटी, तिसऱ्या दिवशीचे ते प्रश्न विचारणे हा रुग्णालयाचा लेखी नियम व्हावा, म्हणजे विचारणारी व्यक्ती उद्धट ठरणार नाही आणि न विचारणे ही उणीव ठरेल.

त्या साठ वर्षांच्या स्त्रीला घरी सोडण्याची वेळ आली की डॉक्टर कागदावर सही करून निघून जातात. गोळ्यांची पाकिटे हातात घेऊन बसलेल्या तिच्या मुलाला समजावून सांगते ती परिचारिका. सांगितल्या दिवशी गोळ्या संपवा. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका. उरल्या तर शेजाऱ्याला देऊ नका. पुढच्या तापाला हाच कागद दुकानात दाखवू नका. ही चार वाक्ये सांगण्यास दोन मिनिटे लागतात. ज्या औषधासाठी १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये रुग्णाचे मूत्रदेखील जपून ठेवावे लागले, ते आणखी एका पिढीला उपयोगी पडावे अशी इच्छा असेल, तर ती दोन मिनिटे परिचारिकेला मिळतील अशी व्यवस्था करणे हे प्रत्येक रुग्णालयाचे कर्तव्य आहे.